पावाला इस्त्री

खुट्!

एवढाच आवाज झाला. माझ्या मागे, पायांच्या आसपास कुठंतरी. आणि मी दचकणारच होते.

आता, मी दचकणं ही काही बातमी नव्हे. मी पाल चुकचुकली की दचकते, दूधवाल्यानं कडी वाजवली की दचकते, माझ्याच बांगड्या ताटावर आपटल्या तरी दचकते. लग्नात अंतरपाट दूर झाला, वाजंत्री एकदम वाजली, आणि मी अशी काही दचकले की हार ह्यांच्या गळ्यात न पडता एका कानाला अडकला. तो कान चार महिने माझ्याकडे जरा रागानंच बघत होता.

तेव्हा त्या 'खुट्'कडे मी दुर्लक्ष केलं. आयुष्यात एकदाच ठरवलं होतं ना, की आज दचकायचं नाही! आणि नेमकं त्याच दिवशी दचकायला हवं होतं. सगळं सांगते, पण हातातला चहा आधी संपवा. मागे एकीनं न संपवता ऐकलं. तिच्या लुगड्यावरचा डाग अजून गेलेला नाही.

तर गोष्ट आमच्या धंतोलीतल्या घरची. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. मी बी.ए. झालेली, आणि मला बी.टी.ला नाव घालायचं होतं. शाळेत शिकवायचं, हे माझं परकर-पोलक्यातल्या दिवसांपासूनचं स्वप्न. फॉर्म आणलेला होता, भरलेला होता, फक्त घरातल्या कर्त्या माणसाची सही हवी होती. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "बाबांना विचार." बाबा म्हणजे माझे मामंजी. वकील. काळा कोट, पांढऱ्या मिशा आणि मधोमध शांतता.

मामंजींना कसं विचारणार? ते माझ्याशी बोलतच नसत. रागानं नव्हे हो, रीतच तशी! मी समोर पाट मांडत असले तरी ते सासूबाईंना सांगायचे, "सूनबाईला म्हणावं, आमटी छान झाली." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "आमटी छान झाली म्हणतात." मी सासूबाईंना म्हणायची, "अजून वाढू का, विचारा." तीन माणसांत एक आमटी अशी कोर्टातल्या कागदासारखी फिरायची. आणि ते माजघरात येणार असले की आधी खाकरायचे. खाकरलं की आपण पदर सावरून दाराआड व्हायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

तर माझा अर्ज सासूबाईंमार्फत दाखल झाला, आणि निकालही त्यांच्यामार्फतच आला.

"हे म्हणतात, शिकवायला ना नाही. पण वर्गात एखादी पोर शिंकली तर आपली मास्तरीण टेबलाखाली जाईल. आधी घरातलं एक तरी काम न दचकता, न गडबडता पार पाडून दाखव म्हणावं. मग सही."

"कुठलं काम?" मी विचारलं.

"तूच सांग."

आणि मी सांगून बसले, "रविवारी दुपारच्या चहाला मी सगळ्यांना चीजचं सँडविच करून घालते!"

काहून बोलले असेन मी असं? (बघा, चार महिन्यांत आमच्या कौसाबाईचा 'काहून' मलाही लागला होता. कौसाबाई म्हणजे आमच्याकडे भांडी घासणारी बाई; तिची जीभ तिनं घासलेल्या भांड्यांपेक्षा लख्ख.) पण मला खरोखर दुसरं काहीच इतकं चांगलं येत नव्हतं. हॉस्टेलात माझी खोलीतली सोबतीण होती डोरा. तिचे वडील रेल्वेत गार्ड, अजनीला क्वार्टर. तिनं मला हे सँडविच शिकवलं, आणि पुढं मी त्यात तिच्याही पुढं गेले. अहो, सगळ्या घाबरटांना एक तरी गोष्ट अशी येत असते की तिथं त्यांचा हात थरथरत नाही. माझी ही होती.

घरात वादळ झालं. सदर बाजारातल्या दुकानातून ह्यांनी चीजचा डबा आणला. साहेबलोक गेले, पण त्यांचे डबे विकणारं दुकान राहिलं होतं. सासूबाईंनी डबा लांबूनच पाहिला.

"हे म्हणजे नासलेलं दूधच ना?"

"नासलेलं नाही आई, मुरवलेलं."

"मुरवलेलं लोणचं असतं. दूध मुरत नाही, नासतं. आणि ती डबलरोटी माझ्या स्वयंपाकघरात नको हं. मागच्या अंगणात शेगडी देते, तिथं काय ते कर."

"त्यात मिरची असेल ना, विचारा," मामंजी झोपाळ्यावरून म्हणाले.

"मिरची असेल ना म्हणतात."

"मिरची घालत नाहीत म्हणावं. फक्त मिरपूड."

"मग ते आजाऱ्याचं अन्न झालं म्हणावं."

ह्यांचं तिसरंच. "मी सँडविच गार खातो," म्हणाले. गार! चीजचं भाजलेलं सँडविच गार! त्या क्षणी मला वाटलं, तो हार दुसऱ्या कानाला अडकवायला हवा होता.

कारण माझी मतं पक्की होती, आणि अजून आहेत. एक तर डबलरोटी आदल्या दिवशीची हवी. ताजी लगेच लगदा होते. कडा कापायच्या नाहीत. कडा कापणारी माणसं पोळीचे पापुद्रेही काढून टाकत असतील. लोणी बाहेरून लावायचं, आतून नाही. चीजच्या चकत्या नकोत, किसून घालायचं, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. पण या सगळ्यावर कडी म्हणजे भाजण्याची रीत. तव्यावर काय होतं? वरून करपतं आणि आत चीज थंडगार बसून राहतं. त्याला वरून वजन हवं आणि वरूनच ऊब हवी. अशी वस्तू घरात कोणती?

कोळशाची इस्त्री!

हसू नका. हॉस्टेलात शेगडीला बंदी होती, इस्त्रीला नव्हती. तिथून हा शोध लागला. डोरा सँडविच कागदात गुंडाळायची. पळसाच्या पानात गुंडाळायचं हे माझं संशोधन. ओलं फडकं, त्यावर पान, पानात सँडविच, वर पुन्हा पान, आणि वरून इस्त्री. कोळसे फुललेले नकोत, राखेखाली झोपलेले हवेत. वेळ मोजायला एकोणतीसचा पाढा. तो दहापर्यंत सावकाश म्हटला की एक बाजू झाली. वीसचा पाढा फार लवकर संपतो, कच्चं राहतं.

पण सासरी हे कसं सांगणार? "आई, मी पावाला इस्त्री करणार आहे"? सही तर राहिलीच, मला माहेरी पोचवायला टांगा आला असता.

म्हणून मी एक लहानसं खोटं बोलले.

"आई, इस्त्री घेऊ का? मामंजींच्या कोटाला फिरवते. उद्या कोर्ट आहे ना. मग खाली येऊन शेगडी पेटवते."

सासूबाईंचा चेहरा असा फुलला! "ऐकलं का," त्या आत पाहून म्हणाल्या, "पोर स्वतःहून तुमच्या कोटाला इस्त्री करते म्हणते!" आतून समाधानाचं एक 'हं' आलं. मला एवढं ओशाळल्यासारखं झालं म्हणता! पण कोट खांद्यावर टाकला आणि निघाले.

वर माडीवर एक खोली होती, तिथंच इस्त्री चालायची. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेलं टेबल, त्यावर घोंगडी. डबा, डबलरोटी, लोणी आणि पानं मी सकाळीच वर लपवून ठेवली होती. एका हातात पेटती इस्त्री, दुसऱ्यात फुंकणी आणि ओलं फडकं, खांद्यावर कोट. दार लावणार कशानं? पायानं. दिलं ढकलून.

तेव्हा झालं ते खुट्.

मी वर बघितलं. आतली वरची कडी होती तशी उघडी लोंबत होती. मग उंदीर असेल, म्हटलं. आज नाही दचकायचं. कोट खुंटीला टांगला आणि कामाला लागले.

काय सांगू, पहिलं सँडविच असं उतरलं की डोरानं शिट्टी वाजवली असती. दुसरं ठेवलं. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." लोण्याचा आणि पळसाच्या पानाचा खमंग वास खिडकीतून खाली अंगणात उतरला. थंडीची सुरुवात. अंगणात सासूबाई उन्हात तांदूळ निवडत बसलेल्या, हे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत, आणि भांड्यांपाशी कौसाबाई. मामंजी आत वामकुक्षीला.

"सूनबाई," खालून सासूबाई, "अगं, जळका वास कसला येतोय?"

मी खिडकीच्या गजांना नाक लावलं. "जळलं नाही आई! फक्त बदामी झालंय!"

"बदामी?"

"हो, अगदी सुरेख! आता उलटवून दुसरी बाजूपण तशीच करते, म्हणजे दोन्हीकडून सारखं दिसेल!"

सासूबाईंच्या हातातलं सूप तिरपं झालं. "नको गं! एकच बाजू राहू दे!"

"असं कसं आई? एका बाजूनं कच्चं राहतं! कडेनं जरा वितळून बाहेर आलं होतं, पण काही वाया नाही गेलं. मी चाटून घेतलं!"

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, तुला कळलं कसं नाही? अहो, माझ्या डोक्यात कोट होताच कुठं? कोट खुंटीला होता! मी माझ्या नादात पुन्हा आत वळले, तिसरं ठेवलं. खाली काय चाललंय ते मला फक्त ऐकू आलं.

"अहो! उठा आधी! ही तुमचा कोट बदामी करतेय! आणि चाटतेय!"

"माय वं! कोट चाटून राहिल्या?" ही कौसाबाई. "मले तं पहिलेच वाटलं होतं, लय शिकलं का असं होते."

"चल गं, पुढच्या विहिरीवरून कळशी आण माझ्याबरोबर! विझवायला हवं!"

कोट! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आता खाली जाऊन सगळं खरं सांगावं, म्हणून मी दाराकडे वळले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि दाराबाहेरून आवाज आला.

"अहेम्."

मामंजी!

मी काय केलं असेल? जे शिकवलं होतं तेच. पदर सावरला आणि पटकन मागं जाऊन कपाटाआड उभी राहिले. वाट पाहिली. कोणी आत येईना. हळूच बाहेर आले, दाराशी गेले.

"अहेम्, अहेम्!"

पुन्हा कपाटाआड.

विचार करा, ते बाहेरून खाकरतायत दार उघड म्हणून, आणि प्रत्येक खाकरण्याला मी दोन पावलं आणखी आत! बोलायची रीत त्यांना नाही, मला तर नाहीच नाही. मधला दुवा म्हणजे सासूबाई, त्या विहिरीवर. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेला बाहेर एकदम शांत झालं. गेले वाटतं खाली, मी म्हटलं.

आणि इकडे तिसरं सँडविच! पाढा कुठं राहिला, एकोणतीस त्रिक की पंचे, काही आठवेना. इस्त्रीखालून धुराची वेटोळी यायला लागली. धावत जाऊन इस्त्री उचलली. पळसाचं पान इस्त्रीला चिकटलेलं, पानाला पाव चिकटलेला, आणि चीज म्हणजे दोरीच दोरी. खोलीभर धूर. डोळ्यांतून पाणी. दाराकडे धावले, ओढलं. उघडेना! दोन्ही हातांनी ओढलं. हलेना!

आणि मग मला ते 'खुट्' आठवलं.

आमच्या भागात माकडांचा भारी सुळसुळाट. माडीचं दार लोटलेलं दिसलं की कौसाबाई बाहेरून कडी घालते. ती तिची जुनी सवय. म्हणजे मी आत शिरले आणि मागून कौसाबाईनं मला माकड समजून कोंडलं! समजण्यात चूक तरी काय म्हणा!

मी खिडकीशी गेले. "आई!" "कौसाबाई!" दोघी विहिरीवर. अंगणात एकटे हे. बरं झालं, म्हटलं.

"अहो!"

वर्तमानपत्र जरा वर सरकलं.

"अहो, ऐकलं का!"

आणखी वर. आता फक्त केस दिसत होते आणि तो एक कान. तो कान लाल झाला होता. म्हणजे ऐकू येत होतं! पण भरदिवसा, वडील घरात असताना, बायकोनं माडीवरून हाक मारली आणि नवऱ्यानं 'ओ' दिली, असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. ह्यांनी आजूबाजूला बघितलं आणि पान उलटलं. पान उलटलं हो! मी वर धुरात, आणि हे खाली वाचत बसलेत!

नाव घेऊन हाक मारावी? नवऱ्याचं नाव? नुसतं? शक्यच नाही. बी.ए. झाले म्हणून काय झालं? नवऱ्याचं नाव घ्यायचं तर एकाच रीतीनं घेता येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मंगळागौरीला घेतलं होतं, ते पाठ केलेलं होतं. आता ऐन वेळी नवा उखाणा कुठून आणू? पण माणूस गुदमरायला लागला की कवी होतो. मी खिडकीचे गज धरले, छाती भरून श्वास घेतला, अर्धा धूरच गेला आत, आणि जन्मात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडले:

"डबलरोटीत चीज भरलं, इस्त्रीखाली दाबली घडी,
दिनकररावांना हाक मारते, बाहेरची काढा कडी!"

वर्तमानपत्र खाली पडलं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू "वा, वा!" म्हणाल्या. कोपऱ्यावर सायकलवाला उतरला. पुढच्या अंगणातून सासूबाई कळशी घेऊन धावत आल्या त्या मध्येच थिजल्या, आणि कौसाबाईनं कपाळावर हात मारला.

"अवो माय! लोक कपड्याले इस्त्री करते, अन् ह्या पावाले करून राहिल्या!"

झालं! गुपित फुटलं, खोटं उघडं पडलं, नवऱ्याचं नाव धंतोलीभर झालं. 'न दचकता, न गडबडता!' माझ्या डोळ्यांपुढं तो फॉर्म आला, कोऱ्या सहीच्या जागेसकट. मी दाराला टेकून मटकन खाली बसणार होते, इतक्यात दारापलीकडून आवाज आला. खाकरण्याचा नव्हे. बोलण्याचा.

"सूनबाई."

मामंजी! गेलेच नव्हते! आणि चार महिन्यांत पहिल्यांदा, मध्ये कोणी नसताना, सरळ माझ्याशी!

मी कपाटाकडे पळणार, तेवढ्यात पुढचं आलं.

"पळू नका. कपाटाआड गेलात तर मला पुन्हा खाकरावं लागेल, आणि घसा बसलाय. अट न दचकण्याची होती, ती तुम्ही मोडलीत. पण आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल की नाही, ही माझी मोठी शंका होती, ती आज फिटली. कोट काळा असो की बदामी, फॉर्मावर सही करतो. त्या पावात पुढच्या वेळी मिरची घाला. आणि आता दार उघडा."

"मामंजी," मी दाराला तोंड लावून कशीबशी म्हणाले, "कसं उघडू? कौसाबाईनं बाहेरून कडी घातलीय!"

बाहेरून कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसा सावकाश आवाज आला.

"कडी मी केव्हाच बघितली, सूनबाई. उघडीच आहे. तुम्ही जरा खाली, आपल्या पायाशी बघा. दाराची खालची खिटी आतून उंबऱ्यात पडलीय."